लायब्ररीच्या आतलं लॉगिंग सुरक्षित कसं ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पायथॉनमध्ये लायब्ररी लिहिणाऱ्यांसाठी आणि सांभाळणाऱ्यांसाठी आहे. पायथॉनचं लॉगिंग मॉड्यूल २.३ आवृत्तीपासून, म्हणजे २००३ पासून, भाषेसोबतच येतं, त्यामुळे ते बहुतेकांच्या हातातलं आहे. पण अ‍ॅप्लिकेशनमध्ये लॉग लिहिणं वेगळं आणि लायब्ररीच्या आत लिहिणं वेगळं. आपला प्रोग्राम कुठे चालणार, लॉग कुठे साठणार, ते कोण वाचणार, हे अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्याला माहीत असतं. लायब्ररी लिहिणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. खालची जवळजवळ सगळी उत्तरं या एका फरकातून निघतात. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; ‘डंडर’ म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेलं नाव. लॉगर संदेश लिहितो, हँडलर तो फाइलमध्ये किंवा पडद्यावर पोचवतो, लेव्हल म्हणजे संदेशाचं महत्त्व (चढत्या क्रमाने डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल), आणि रूट हा सगळ्यांच्या वरचा लॉगर.

लायब्ररीत लॉगिंग सुरू करायला कमीत कमी काय लागतं?

दोन ओळी. समजा तुमच्या लायब्ररीचं नाव ‘पावती’ आहे आणि ती पेमेंट गेटवेशी बोलते. प्रत्येक मॉड्यूलच्या सुरुवातीला गेटलॉगरला डंडर नेम द्यायचं, म्हणजे ‘पावती.जोडणी’, ‘पावती.सही’ अशा नावांचे लॉगर आपोआप तयार होतात. आणि पॅकेजच्या इनिट फाइलमध्ये ‘पावती’ या वरच्या लॉगरला एक नलहँडलर लावायचा. बस्स. टिंबाने जोडलेल्या नावांमुळे वापरणाऱ्याला एका ओळीत सगळ्या लायब्ररीचे लॉग कमी-जास्त करता येतात, किंवा फक्त ‘पावती.सही’ तेवढा डीबगवर ठेवता येतो.

लॉगिंग डॉट इन्फो, लॉगिंग डॉट वॉर्निंग अशी मॉड्यूलवरची थेट फंक्शनं लायब्ररीत कधीच वापरू नका. ती रूट लॉगरवर लिहितात हे एक झालं. त्याहून वाईट म्हणजे रूटवर एकही हँडलर नसेल तर ती गुपचूप बेसिककॉन्फिग (लॉगिंगची साधी मांडणी करणारं फंक्शन) बोलावतात. नंतर अ‍ॅप्लिकेशनचं स्वतःचं बेसिककॉन्फिग आलं की त्याला रूटवर हँडलर आधीच दिसतो आणि ते काही न करता, काही न सांगता परत फिरतं. लॉगफाइल रिकामी का, हे शोधण्यात वापरणाऱ्याचा दिवस जातो आणि कारण तुमच्या इम्पोर्टच्या वेळी चाललेल्या एका ओळीत असतं. ३.८ पासून बेसिककॉन्फिगला ‘फोर्स’ हा पर्याय आहे, पण तो अ‍ॅप्लिकेशनसाठी. त्याच्या भरवशावर लायब्ररीने पसारा करू नये.

नलहँडलर काहीच करत नाही, मग तो लावायचा कशाला?

काही न करणं हेच त्याचं काम. अ‍ॅप्लिकेशनने लॉगिंगची कुठलीच मांडणी केली नसेल, तर ३.२ पासून पायथॉन ‘लास्टरिसॉर्ट’ नावाचा राखीव हँडलर वापरतो: वॉर्निंग आणि त्यावरचे संदेश तो स्टँडर्ड एररवर टाकतो. एखाद्या कमांड-लाइन साधनाच्या स्वच्छ आउटपुटमध्ये मग तुमच्या लायब्ररीचे संदेश टपकतात. नलहँडलर असला की पायथॉनच्या लेखी ‘हँडलर सापडला’ आणि राखीव हँडलर गप्प बसतो. अ‍ॅप्लिकेशनने रूटवर स्वतःचा हँडलर लावला की तुमचे संदेश नेहमीसारखे वर पोचतात. नलहँडलर त्यांना अडवत नाही.

‘मग महत्त्वाची चूक वापरणाऱ्याला कळणार कशी?’ असं विचारलं जातं. चूक खरोखर महत्त्वाची असेल तर एक्सेप्शन फेका. लॉग कुणी वाचला नाही तरी लायब्ररी बरोबर वागली पाहिजे.

फाइल हँडलर, छानसा फॉरमॅट, योग्य लेव्हल हे सगळं लायब्ररीनेच लावून दिलं तर सोय होत नाही का?

सोय एकाची होते, गैरसोय बाकी सगळ्यांची. लायब्ररीने स्ट्रीमहँडलर लावला आणि अ‍ॅप्लिकेशनचाही रूटवर आहे, तर प्रत्येक ओळ दोनदा उमटते. ते टाळायला काही जण ‘प्रॉपगेट’ (संदेश वरच्या लॉगरांकडे पाठवणं) बंद करतात. मग अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये लायब्ररीचं काहीच येत नाही आणि टेस्टमध्ये लॉग पकडणारं पायटेस्टचं कॅपलॉगही रिकामं राहतं. फाइल हँडलर तर बनवतानाच फाइल उघडतो. फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती असलेल्या कंटेनरमध्ये तुमची लायब्ररी इम्पोर्ट होतानाच ओएसएररने कोसळते.

लेव्हलही लावू नका. तुम्ही ‘पावती’वर वॉर्निंग लावून ठेवली, की वापरणाऱ्याने रूट डीबगवर नेलं तरी तुमचे डीबग संदेश येत नाहीत, कारण संदेश निघतो त्या लॉगरचीच लेव्हल तपासली जाते. वडील लॉगरांची लेव्हल, संदेश वर चढताना, कुणी बघत नाही. फक्त त्यांच्या हँडलरांची बघितली जाते. हा बारकावा अनेक वर्षं पायथॉन लिहिणाऱ्यांनाही चकवतो.

स्वतःच्या नव्या लेव्हल बनवणंही टाळा. इन्फो २० आणि वॉर्निंग ३०, मधली २५ मोकळी दिसते म्हणून दोन लायब्ररी ती वेगवेगळ्या नावांनी घेतात, आणि शेवटी नोंदवणारीचं नाव दोघींच्या ओळींवर छापलं जातं.

कोणता संदेश कोणत्या लेव्हलला?

लायब्ररीच्या आतलं बहुतेक सगळं डीबग. जोडणी उघडली, सेशन नव्याने मिळालं अशा क्वचित घटना इन्फो. काम झालं, पण वापरणाऱ्याने कधीतरी लक्ष घालावं अशी गोष्ट वॉर्निंग. एरर जवळपास कधीच नाही, कारण एररच्या जागी लायब्ररीकडे एक्सेप्शन आहे. अपवाद फक्त पार्श्वभूमीला चालणाऱ्या थ्रेडचा, जिथे एक्सेप्शन फेकलं तरी ते झेलायला कुणी नसतं. क्रिटिकल अ‍ॅप्लिकेशनसाठी सोडून द्या. तुम्ही जुनं फंक्शन काढून टाकणार आहात आणि वापरणाऱ्याने कोड बदलायला हवा, असं सांगायचं असेल तर त्यासाठी वॉर्निंग्ज मॉड्यूल आहे, लॉग नव्हे.

लॉगच्या ओळीत एफ-स्ट्रिंग का नको? वेगाचाच प्रश्न आहे ना?

वेग हे दुय्यम कारण. खरं कारण सुरक्षिततेचं आहे. एक ओळ जवळून बघू.

‘लॉगर डॉट डीबग’ला एफ-स्ट्रिंग (किंमती लगेच आत भरणारी स्ट्रिंग) दिली आणि तिच्यात ‘उत्तर’ नावाचा ऑब्जेक्ट ठेवला, तर तो ऑब्जेक्ट मजकुरात बदलण्याचं काम तुमच्या फंक्शनमध्येच होतं, डीबग बंद असलं तरीही. त्या ऑब्जेक्टच्या डंडर रेप्रमध्ये (त्याला मजकुरात बदलणाऱ्या पद्धतीत) चूक असेल, समजा अर्धवट तयार झालेल्या ऑब्जेक्टचा एखादा अ‍ॅट्रिब्यूट अजून आलेलाच नसेल, तर एक्सेप्शन तुमच्या फंक्शनमधून बाहेर पडतं आणि पेमेंटचा व्यवहार लॉगच्या ओळीपायी फसतो.

तीच ओळ टक्का-आर (इथे रेप्र भरा, ही खूण) आणि वेगळा आर्ग्युमेंट अशी लिहिली, तर मजकूर हँडलरच्या एमिटमध्ये, म्हणजे नोंद बाहेर लिहिणाऱ्या पद्धतीत, तयार होतो. तिथे ट्राय-एक्सेप्ट आहे. चूक झाली तर हँडलरचं हँडलएरर स्टँडर्ड एररवर ‘लॉगिंग एरर’ अशा शीर्षकाखाली ट्रेसबॅक छापतं आणि तुमचं फंक्शन पुढे चालू राहतं. (‘रेझएक्सेप्शन्स’ या सेटिंगचं नाव दिशाभूल करतं. ते चालू असताना सुद्धा असलं एक्सेप्शन फेकलं जात नाही, फक्त छापलं जातं.) कोड तपासणाऱ्या पायलिंटचा डब्ल्यू१२०३ हा नियम नेमक्या याच एफ-स्ट्रिंग पकडतो, तो सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या तपासणीत) चालू ठेवा.

उशिरा होणाऱ्या फॉरमॅटिंगची एक किंमत मात्र आहे. आर्ग्युमेंट म्हणून दिलेली डिक्शनरी नंतर बदलली आणि मधे मेमरीहँडलर (संदेश साठवून नंतर पाठवणारा) असेल, तर लॉगमध्ये बदललेली किंमत उमटते. बदलणाऱ्या गोष्टी द्यायच्या असतील तर त्यातली हवी ती संख्या किंवा आयडी काढून द्या.

म्हणजे टक्क्याची पद्धत वापरली की लॉगची ओळ प्रोग्राम पाडू शकत नाही?

पाडू शकते, अजून दोन वाटांनी.

पहिली वाट ‘एक्स्ट्रा’ची, म्हणजे नोंदीला जास्तीची माहिती जोडणाऱ्या आर्ग्युमेंटची. एक्स्ट्रामध्ये नेम, मॉड्यूल, आर्ग्ज, फाइलनेम, मेसेज अशी रेकॉर्डवर राखीव असलेली नावं दिली तर मेकरेकॉर्ड थेट की-एरर फेकतं, आणि ते एमिटच्या बाहेर असल्याने कुणी झेलत नाही. त्यातून हे फक्त ती लेव्हल चालू असेल तरच घडतं. म्हणजे ग्राहकाचं नाव ‘नेम’ या कीखाली देणारी डीबगची ओळ वर्षभर निमूट राहते. एखाद्या रात्री काहीतरी शोधायला कुणी प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर डीबग चालू करतं, आणि आधी चालू असलेलंही बंद पडतं. उपाय सोपा: एक्स्ट्राच्या प्रत्येक कीला ‘पावती_’ असा उपसर्ग लावा.

दुसरी वाट फिल्टरची, म्हणजे संदेश अडवणाऱ्या किंवा बदलणाऱ्या कोडची. फिल्टर हँडलरच्या एमिटच्या आधी चालतात आणि त्यांच्यातलं एक्सेप्शन सरळ लॉग लिहिणाऱ्याच्या अंगावर येतं. फिल्टरमध्ये गेटमेसेज बोलावलं आणि टक्का-डीला कुणी स्ट्रिंग दिली असेल, तर जी चूक एमिटने पचवली असती ती आता तुमच्या फंक्शनमधून बाहेर पडते. फिल्टर लिहाच तर त्याचं सगळं अंग ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवा, आणि चूक झाल्यास मूळ मजकूर पुढे न सोडता ‘संदेश वाचता आला नाही’ एवढंच सोडा.

लॉगमध्ये काय कधीच जाऊ नये?

पासवर्ड, एपीआय की, टोकन, सेशन कुकी, ऑथोरायझेशन हेडर, ओटीपी, यूपीआय पिन, कार्डचा पूर्ण नंबर, आधार क्रमांक. सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर कुठेच साठवायला पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाची मनाई आहे, आणि लॉग हीही साठवणूकच. बेसिक ऑथचं हेडर वाचता येत नाही म्हणून ते सुरक्षित वाटतं, पण ते नुसतं बेस६४ आहे; कुणीही एका कमांडने उलगडतं.

यादी सगळ्यांना पाठ असते. गळती होते ती आडवाटेने, आणि त्या वाटा ठरलेल्या आहेत.

डेटाक्लासची. डेटाक्लास स्वतःहून जो रेप्र बनवतो त्यात सगळी फील्ड असतात. ‘कॉन्फिग’ लॉग केलं की गुप्त कीही गेली. त्या फील्डला रेप्र फॉल्स असं स्पष्ट सांगा.

यूआरएलची. पत्त्यातच युजर आणि पासवर्ड असू शकतो, क्वेरीमध्ये टोकन असू शकतं, पासवर्ड बदलण्याच्या लिंकमध्ये तर पाथच गुपित असतो. लॉगमध्ये होस्ट आणि मार्गाचा साचा लिहा, प्रत्यक्ष यूआरएल नको.

एक्सेप्शनच्या मजकुराची. जोडणी जमली नाही की काही ड्रायव्हर सगळी कनेक्शन स्ट्रिंग एररच्या मजकुरात घालतात. ती तुम्ही स्ट्रिंग-ई करून लॉग केली की पासवर्ड फाइलमध्ये.

आणि तुम्ही वापरत असलेल्या लायब्ररीची. यूआरएललिब३ डीबगवर असताना प्रत्येक विनंतीचा पाथ क्वेरीसकट छापतं. तुम्ही स्वतःच्या लॉगमध्ये कितीही झाकपाक केली तरी टोकन क्वेरीतून पाठवत असाल तर ते ‘यूआरएललिब३.कनेक्शनपूल’ या लॉगरमधून बाहेर पडणारच. टोकन हेडरमधून पाठवा. एचटीटीपी डॉट क्लायंटचं डीबगलेव्हल लायब्ररीने चालू करू नये. ते लॉगिंग वापरतच नाही, हेडर सरळ प्रिंट करतं, त्यामुळे कुठलाही फिल्टर त्याला लागू पडत नाही.

हे मोठ्यांच्या बाबतीतही घडलं आहे. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सुचवलं, कारण हॅश होण्याआधीच पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. तुमच्या लायब्ररीने सांडलेला पासवर्ड निदान तेवढे दिवस तिथे राहणार, हे लक्षात ठेवून ओळ लिहा.

मग ओळख पटवायला लॉगमध्ये लिहायचं तरी काय?

व्यवहाराचा आयडी, विनंतीचा आयडी, लांबी, प्रकार, स्टेटस कोड, लागलेले मिलिसेकंद. टोकन ‘होतं की नव्हतं’ आणि त्याची लांबी एवढ्यावर बहुतेक तक्रारी सुटतात. चुकून नवी ओळ चिकटलेलं टोकन लांबीवरूनच कळतं. आधार दाखवायचाच झाला तर पहिले आठ अंक झाकून शेवटचे चार.

मोबाइल नंबराचा साधा हॅश लिहून समाधान मानू नका. दहा अंकी नंबराच्या शक्यता जास्तीत जास्त हजार कोटी. त्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवणं आजच्या संगणकाला जड नाही. तोच नंबर पुन्हा आला हे ओळखायचं असेल तर अ‍ॅप्लिकेशनने दिलेली गुप्त की वापरून एचमॅक काढा.

लायब्ररीच्या वरच्या लॉगरला गुपितं झाकणारा फिल्टर लावला. तरी गळती होते. का?

लॉगरवर लावलेला फिल्टर फक्त त्याच लॉगरवर थेट लिहिलेल्या संदेशांना लागतो. ‘पावती.जोडणी’वरून आलेला संदेश ‘पावती’च्या हँडलरांकडे जातो, पण ‘पावती’च्या फिल्टरमधून जात नाही. हँडलरवर लावलेला फिल्टर मात्र त्या हँडलरकडे येणाऱ्या सगळ्यांना लागतो. आणि हँडलर अ‍ॅप्लिकेशनचे. म्हणून लायब्ररी असा फिल्टर क्लास देऊ शकते, तो लावायचा अ‍ॅप्लिकेशनने.

तरीही भिस्त फिल्टरवर ठेवू नका. ‘पासवर्ड’ हा शब्द शोधणारी रेजेक्स ‘पासवड’, ‘पिन’, ‘एक्स-ऑथ’ यांच्यापुढे हरते. गुपित आत येतं तिथेच त्याला बंदिस्त करणं जास्त टिकाऊ. ‘गुप्त’ नावाचा छोटा क्लास लिहा: आत खरी किंमत, डंडर रेप्र आणि डंडर एसटीआर दोन्ही चार तारे परत देणारे, डंडर फॉरमॅटही तसाच, आणि खरी किंमत हवी तर ‘उघड’ ही पद्धत मुद्दाम बोलवावी लागणारी. मग ती कुठल्याही डिक्शनरीत, डेटाक्लासमध्ये, एक्सेप्शनमध्ये असली तरी तारेच छापले जातात. आणि ‘उघड’ कुठे-कुठे बोलावलं आहे ते एका सर्चमध्ये दिसतं. रिव्ह्यू करणाऱ्याचं अर्धं काम तिथेच होतं.

वापरणाऱ्याने दिलेला मजकूर लॉग करताना काय धोका?

मजकुरात नवी ओळ असेल तर तो लॉगमध्ये स्वतःची खोटी नोंद घुसवू शकतो. सॉफ्टवेअरमधल्या कमकुवतपणांच्या यादीत याला सीडब्ल्यूई-११७ म्हणतात. नावाच्या जागी कुणी नाव, मग नवी ओळ, मग ‘इन्फो लॉगिन यशस्वी अ‍ॅडमिन’ असं पाठवलं, तर वाचणाऱ्याला ती खरीच नोंद वाटते. एस्केप अक्षराने सुरू होणारे टर्मिनलचे कोड आले तर टेल कमांडने लॉग बघणाऱ्याच्या पडद्यावरचा आधीचा मजकूर पुसलाही जाऊ शकतो.

बाहेरून आलेल्या प्रत्येक स्ट्रिंगला टक्का-एस ऐवजी टक्का-आर वापरा. नवी ओळ, एस्केप, दिशा उलटवणारी अदृश्य अक्षरं सगळी बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या दिसत्या रूपात येतात आणि मजकूर अवतरणचिन्हांत बसतो. देवनागरी जशीच्या तशी राहते. अपवाद शून्य-रुंदी जोडअक्षराचा: ‘सुऱ्या’सारख्या शब्दातला आडवा रफार काही कीबोर्ड र नंतर हे अदृश्य अक्षर घालून टाइप करतात, तिथे रेप्रमध्ये बॅकस्लॅश-यू-२००डी दिसेल. ती चूक नाही. उलट दोन ‘सारखी’ नावं डेटाबेसमध्ये जुळत का नाहीत, हे अशाच ओळीतून कळतं. टक्का-ए मात्र वापरू नका, तो सगळी देवनागरी यू-कोडमध्ये बदलतो आणि नाव वाचता येत नाही. लांबीही कापा, पहिली २०० अक्षरं पुरतात.

याच प्रश्नाला जोडून: विंडोजवर एन्कोडिंग न सांगता उघडलेल्या लॉगफाइलमध्ये मराठी नाव आलं की युनिकोडएन्कोडएरर येऊन ती नोंदच हरवते. लायब्ररीला ते सुधारता येत नाही, पण तुमच्या कागदपत्रांतल्या नमुना मांडणीत फाइल हँडलरला यूटीएफ-८ लिहिलेलं असू द्या. लोक तिथूनच कॉपी करतात.

लॉग४शेलसारखं पायथॉनमध्ये होऊ शकतं का?

तसंच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या लॉग४शेल या त्रुटीत (सीव्हीई-२०२१-४४२२८) जावाच्या लॉग४जे या लॉगिंग लायब्ररीच्या २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या लॉगच्या मजकुरातल्याच डॉलर-महिरपी कंसातल्या सूचना पाळत होत्या. जेएनडीआयचा (नावावरून वस्तू शोधून आणणाऱ्या जावाच्या सोयीचा) पत्ता दिला की दूरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवला जाई. तीव्रतेचे गुण १० पैकी १०. पायथॉनचं लॉगिंग मजकुरात असलं काही शोधत नाही.

पण मुळातली चूक, म्हणजे बाहेरचा मजकूर ‘साचा’ म्हणून वापरणं, पायथॉनमध्येही करता येते. पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये वापरणाऱ्याचा मजकूर चिकटवला आणि पुढे आर्ग्युमेंट म्हणून डिक्शनरी दिली, तर मजकुरातला टक्का-कंस-पासवर्ड-कंस-एस त्या डिक्शनरीतून पासवर्ड काढून छापतो. रुंदीचा आकडा अब्जात दिला तर तेवढी रिकामी जागा भरायला मेमरी खर्ची पडते. पहिला आर्ग्युमेंट नेहमी कोडमध्ये लिहिलेली पक्की स्ट्रिंगच असावी.

एक्सेप्शन लॉगही करावं आणि फेकावंही का?

नाही. तीन थरांनी तेच केलं की एका बिघाडाचे तीन ट्रेसबॅक होतात आणि पहाटे तीनला वाचणाऱ्याला तीन बिघाड वाटतात. फेका, ‘रेझ… फ्रॉम’ने मूळ कारण जोडा, आणि लॉग अ‍ॅप्लिकेशनवर सोपवा. तुम्ही एक्सेप्शन गिळणार असाल, म्हणजे पुन्हा प्रयत्न करणार असाल, तेव्हाच लॉग करा: प्रत्येक प्रयत्न डीबग, कितवा आणि किती सेकंद थांबणार ते लिहून.

थ्रेड, फोर्क, सिग्नल यांत काय सांभाळायचं?

हँडलरांना स्वतःचं कुलूप (लॉक) असतं, त्यामुळे ओळी एकमेकींत मिसळत नाहीत. अडचण तुमच्या कुलपाची. लायब्ररीचं कुलूप हातात धरून लॉग केला आणि हँडलर नेटवर्कवर अडकला, तर सगळे थ्रेड तुमच्या दाराशी खोळंबतात. हँडलरनेच फिरून तुमच्या लायब्ररीला हाक मारली तर कायमचंच अडकतं. कुलपाच्या आत किंमती उचला, कुलूप सोडा, मग लॉग करा.

डंडर डेलमध्ये (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या पद्धतीत) लॉग करू नका. कचरा गोळा करणारं यंत्र कुठल्याही क्षणी, अगदी क्यूमध्ये पुट चालू असताना, तुमचं डेल बोलावू शकतं. साध्या क्यूचं कुलूप त्याच थ्रेडला दुसऱ्यांदा मिळत नाही, आणि प्रोसेस तिथेच गोठते. याच अडचणीसाठी ३.७ मध्ये सिंपलक्यू आली. सिग्नल हँडलरमध्येही लॉग नको. झेंडा उभारा आणि बाहेर आल्यावर लिहा.

फोर्क झाल्यावर, म्हणजे प्रोसेसची प्रत निघाल्यावर, लॉगिंग मॉड्यूल आपली कुलपं आता नव्याने मांडतं, तुमची मांडत नाही. आणि ३.१४ पासून लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंग फोर्कऐवजी फोर्कसर्व्हरने सुरू होतं, म्हणून मुलाच्या प्रोसेसला पालकाची लॉगिंगची मांडणी मिळत नाही. ‘नव्या पायथॉनवर वर्करचे लॉग गायब’ अशी तक्रार आली तर आधी हेच तपासा.

अ‍ॅप्लिकेशन सुरू झाल्यावर आमच्या लायब्ररीचे लॉग एकदम बंद पडतात.

कारण डिक्टकॉन्फिग या मांडणी करणाऱ्या फंक्शनमधलं ‘डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स’. सांगितलं नाही तर ते ट्रू असतं आणि त्याआधी तयार झालेले, मांडणीत नाव नसलेले लॉगर बंद करतं. तुमचे लॉगर इम्पोर्टच्या वेळीच तयार झालेले असतात. अ‍ॅप्लिकेशनमध्ये ते फॉल्स करायला सांगा. लायब्ररीतून लॉगर पुन्हा जिवंत करण्याचे उद्योग नकोत.

लॉगिंगने वेग किती कमी होतो?

बंद लेव्हलची ओळ स्वस्त असते, तिचे आर्ग्युमेंट महाग असू शकतात. लॉगसाठी जेसन बनवायचं किंवा यादी मोजायची असेल तरच इझएनेबल्डफॉरची (ती लेव्हल चालू आहे का, ही) अट घाला. आतल्या लूपमध्ये प्रत्येक नोंदीला ओळ लिहू नका. शेवटी एकच, ‘१२,००० पैकी ३७ वगळल्या’ अशी. आणि प्रत्येक जोडणीसाठी वेगळ्या नावाचा लॉगर कधीच बनवू नका, कारण लॉगर प्रोसेस संपेपर्यंत मेमरीतून जात नाहीत.

हे सगळं टेस्ट कसं करायचं?

एक टेस्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची. प्रत्येक गुपिताच्या जागी ओळखू येईल अशी बनावट किंमत द्या, समजा ‘गुपित-७३९१’. रूट डीबगवर न्या, यशाचा मार्ग चालवा, मग चुकीचा पासवर्ड, टाइमआउट, तुटलेली जोडणी, अर्धवट उत्तर असे अपयशाचे सगळे मार्ग चालवा. शेवटी पकडलेला सगळा मजकूर, ट्रेसबॅकसकट आणि इतर लायब्ररींच्या लॉगरांसकट, तपासा: ती किंमत कुठेही नको, तिचं बेस६४ रूपही नको, यूआरएल-एन्कोड केलेलंही नको. गळती जवळजवळ नेहमी अपयशाच्या मार्गावर सापडते.

पायटेस्टचं कॅपलॉग वापरत असाल तर आणखी एक फायदा मिळतो: आर्ग्युमेंटची संख्या चुकलेली ओळ एरवी नुसती छापून सोडली जाते, तिथे टेस्ट पडते. म्हणून सगळा टेस्ट संच एकदा डीबगवर चालवाच. युनिटटेस्टमध्ये ३.१० पासून असर्टनोलॉग्ज आहे. शांत राहायला हव्या त्या मार्गांसाठी ते चांगलं.

दुसऱ्या भाषांमध्ये हेच नियम?

गाभा तोच. जावामध्ये लायब्ररीने फक्त एसएलएफ४जेच्या एपीआयवर अवलंबून राहावं, प्रत्यक्ष लॉगर सोबत देऊ नये. रस्टमध्ये ‘लॉग’ क्रेट घ्यावा, ‘एन्व्ह लॉगर’ अ‍ॅप्लिकेशनने. गोमध्ये १.२१ पासून स्लॉग आहे. लॉगर बाहेरून घ्यावा, ग्लोबल बदलू नये.

आमच्या एका आवृत्तीने टोकन लॉगमध्ये लिहिलं आहे. आता काय?

आधी टोकन बदलायला सांगा, दुरुस्त आवृत्तीची वाट न बघता. लॉगच्या प्रती बॅकअपमध्ये, लॉग गोळा करणाऱ्या सेवेत आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर गेलेल्या असतात. त्या सगळ्या पुसल्या जातील असं धरून चालू नका. त्यानंतर दुरुस्त आवृत्ती काढा आणि सुरक्षा सूचनेत स्पष्ट लिहा: कोणत्या आवृत्तीपासून कोणत्यापर्यंत, कोणत्या लॉगरवर, कोणत्या लेव्हलला, कोणतं फील्ड, आणि लॉगमध्ये ते शोधायला कोणता शब्द सर्च करायचा. ‘काही परिस्थितीत संवेदनशील माहिती नोंदली जाऊ शकते’ एवढ्याने वापरणाऱ्याला काहीच करता येत नाही. बदल-नोंदीत ती ओळ सगळ्यात वर ठेवा, आणि वर सांगितलेल्या बनावट गुपिताच्या टेस्टमध्ये तो मार्ग त्याच दिवशी घाला.